अधिशोषण म्हणजे जास्त शोषण का?

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून प्रश्न आलाय. इथेनॉलमधलं उरलंसुरलं पाणी काढायला तिथे झिओलाइटचे मणी वापरतात. बोलताना सगळे 'मणी पाणी शोषतात' म्हणतात, पण मराठी माहितीपत्रकात 'अधिशोषण' छापलंय. पाणी मण्याच्या आत जातं, मग साधं शोषण का नाही? आणि 'अधि' म्हणजे अधिकच ना?

नाही. इथे 'अधि' म्हणजे 'वर'. अधिष्ठान, अधिरोहण यांतला. 'अधिक' हा शब्दही याच 'अधि'वरून आलाय, म्हणून घोटाळा होतो. फडकं पाणी पितं ते शोषण. रेणू नुसते पृष्ठभागाला धरून राहतात ते अधिशोषण.

'आत जातं' हे मात्र खरं आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. झिओलाइटच्या स्फटिकात पोकळ्याच पोकळ्या असतात. डिस्टिलरीतल्या प्रकाराची तोंडं सुमारे ०.३ नॅनोमीटरची. पाण्याचा रेणू त्यांतून जातो, इथेनॉलचा थोराड, तो बाहेरच राहतो. आत गेलेलं पाणी पोकळीच्या भिंतीला चिकटतं, आणि ती भिंतही पृष्ठभागच. सच्छिद्र पदार्थाचा बहुतेक पृष्ठभाग असा पोटात असतो. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमात हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे! म्हणून मी 'झिओलाइटमध्ये' न लिहिता 'झिओलाइटवर पाण्याचं अधिशोषण होतं' असं लिहीन. कामावर बोलताना 'मणी पाणी ओढतात' झकास आहे, ते बदलू नका.

उत्प्रेरकांबद्दल, म्हणजे स्वतः न खपता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांबद्दल लिहिताना हा भेद जास्त सांभाळावा लागतो, कारण तिथे सगळा खेळ पृष्ठभागाने रेणूवर घेतलेल्या पकडीचा. वनस्पती तूप करताना निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचा रेणू फुटून अणू सुटे होतात आणि तेलाच्या रेणूला जोडले जातात. पकड ढिली असेल तर रेणू फुटतच नाही. फार घट्ट असेल तर जागा अडते, पुढच्याला वाव नाही. निकेलच्या मदतीने हायड्रोजन जोडण्याच्या कामासाठी १९१२चं नोबेल मिळालेल्या साबातिए यांच्या नावाने हे तत्त्व ओळखलं जातं. छिद्रं अरुंद असली तर आणखी एक अडचण: तयार झालेला रेणू बाहेर पडायला वेळ लावतो आणि आतच त्याचं भलतंच काही होऊन बसतं.

गंधकाने निकेल निकामी होतो, त्यालाही 'निकेलने गंधक शोषला' म्हणू नये. गंधक वरच्या जागा धरून बसतो. आतला धातू तसाच असतो, पण त्याचा उपयोग नाही.