कोरियनचा भविष्यकाळ: सुरुवात इथून कर

मराठीत जाईन, जाशील, जाईल अशी कसरत असते. कोरियनमध्ये मी, तू, ती सगळ्यांना एकच रूप. क्रियापदाच्या शेवटचा ‘दा’ काढ. मागे स्वर उरला तर ‘ल् कोयेयो’, व्यंजन उरलं तर ‘उल् कोयेयो’ लाव. कादा म्हणजे जाणे: काल् कोयेयो. मोक्ता (लिहिताना इथेही ‘दा’च) म्हणजे खाणे: मोगुल् कोयेयो. साल्दा, म्हणजे राहणे, यात ‘ल्’ आधीच आहे, म्हणून नुसतं साल् कोयेयो. ‘ऐकणे’चं थुरुल् कोयेयो मात्र सरळ पाठ कर, डोकं लावू नकोस.

समोरच्याला शब्द देताना ‘हाल्केयो’, म्हणजे ‘करते हं मी’. हे दुसऱ्याबद्दल चालत नाही. आणि ‘उद्या जाते’साठी नुसतं ‘नेइल कायो’ही बिनधास्त म्हण, आपल्यासारखाच वर्तमानकाळ चालतो.