मावशींची गाठ उशिरा का कळली?

प्रश्न : ताई, माझ्या मोठ्या बहिणीला चार वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला. गाठ लहान असतानाच कळली, उपचार झाले, आता ती ठणठणीत आहे. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींनाही तोच आजार निघालाय, पण डॉक्टर म्हणतात तिसरी स्टेज. दोघीही पन्नाशीच्या. गरिबांच्या अंगात हा आजार जास्त जोर धरतो का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : उलट, स्तनाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण शहरातल्या, शिकलेल्या, उशिरा मूल झालेल्या बायकांमध्ये जास्त आहे. तो झाल्यावर वाचण्याची शक्यता मात्र मावशींसारख्यांना कमी. याचं मोठं कारण म्हणजे हातचा गेलेला वेळ.

परळला कॅन्सरच्या रुग्णांसाठी समाजसेविका म्हणून मी बरीच वर्षं काम केलं. गाठ हाताला लागलेली असते, पण दुखत नाही म्हणून राहते. मग सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सुईची तपासणी. प्रत्येकीची तारीख वेगळी, रांग वेगळी आणि प्रत्येक खेपेला एक खाडा. चार घरची कामं करणारीला खाडा म्हणजे दुसरी बाई लावली जाण्याची धास्ती. एकजण म्हणाली होती, "गणपती होऊ देत, मग दाखवते." गणपतीनंतर दिवाळीची साफसफाई आली. बोनसच्या तोंडावर सुट्टी कशी मागायची? ती जानेवारीत आली तेव्हा काखेतही गाठी होत्या. तिला कोणी अडाणी म्हटलं की मला आजही राग येतो. तिचा हिशोब चोख होता. तिच्या हातात दुसरं काही नव्हतं.

तपासणी वस्तीत गेली की काय होतं, हे याच मुंबईत दिसलंय. टाटा रुग्णालयाने 1998 पासून झोपडपट्ट्यांतल्या बायकांची तपासणी केली. महागडी यंत्रं नव्हती. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या हाताने स्तन तपासायच्या आणि व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून गर्भाशयाचं मुख पाहायच्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. स्तनाच्या गाठी लवकरच्या टप्प्यात सापडू लागल्या आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये त्या आजाराचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले.

आता मावशींचं. तिसऱ्या स्टेजलाही उपचार आहेत, ते अर्धवट सुटता कामा नयेत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे योजनेचं काम बघणाऱ्या मदतनिसाला भेटा. या सरकारी योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कार्ड गावचं असलं तरी हरकत नाही, महाराष्ट्रातलं हवं. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांनाही बसता येतं. केमोनंतर बायकांच्या डब्यात धक्के खायची गरज नाही.

बुडालेला पगार मात्र ही योजना देत नाही. रेडिएशन म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोजची वारी, तीही काही आठवडे. मावशी ज्या घरांत काम करतात त्या सगळ्यांशी तुम्हीच बोला. पगार चालू ठेवायचा, बदली बाई तात्पुरती, जागा मावशींचीच. आणि हे त्यांनी विचारायची वाट न बघता, पुढची तारीख येण्याआधी त्यांना समोर बसवून सांगा. त्यांच्या बहिणी आणि मोठ्या मुली असतील, तर त्यांनाही एकदा तपासणीला घेऊन जा. तो दिवसही पगारी धरा.