विसरणारा माणूस गोळी मातीत पुरत नाही

पत्र: माझे मिस्टर ६३ वर्षांचे. इतवारीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली होती. फिजिओथेरपीने आता काठी घेऊन चालतात, बोलणंही पुष्कळ सुधारलं. पण आधीचा माणूस राहिला नाही. पहाटे तीनला उठून बसतात. टीव्हीवर काही लागलं की रडतात. दोन पोळ्यांवरून अर्ध्या पोळीवर आले. उधारीचा हिशेब विचारला तर "मला नाही माहीत" म्हणतात. विसरतात तर इतके, की परवा गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत, मातीत, त्यांच्या तीन गोळ्या सापडल्या. दवाखान्यात डॉक्टरांना सगळं मलाच सांगावं लागतं. मुलगा म्हणतो हा डिमेन्शिया आहे, वेळेतच दुकान नावावर करून घ्या. दीर म्हणतात थांबा. घरात रोज वाद. कोणाचं ऐकू?
एक वाचक, नागपूर

ताई,

मुलाचं ऐकायचं की दिरांचं, ते नंतर बघू. कुंडीतल्या गोळ्यांबद्दल एक ओळ लिहून तुम्ही पुढे निघून गेलात. मी तिथेच अडकले.

विसरणाऱ्या माणसाची गोळी पाकिटात राहून जाते. किंवा घेतलेली आठवत नाही म्हणून तो दुसऱ्यांदा मागतो. हातातून सुटली तर फरशीवर, पलंगाखाली सापडते. तुमच्या मिस्टरांनी गोळी तळहातात धरली, तुमची पाठ वळायची वाट पाहिली, काठी टेकत गॅलरीत गेले आणि ती मातीत दाबली. आणि बहुधा एकदाच नाही. नुसत्या विसराळूपणाने हे होत नाही. आणि या उन्हात तुम्ही मोगऱ्याला दोन वेळा तरी पाणी घालत असाल. ओल्या मातीत गोळी फुगते, विरघळते. तुम्हाला दिसल्या त्या काल-परवाच्या. त्याआधीच्या किती गेल्या, हे फक्त त्यांना ठाऊक.

त्या गोळ्या कसल्या? लकव्यानंतर बहुतेकांना रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची आणि बीपीची गोळी असते. तीन महिन्यांचा कोर्स म्हणून या दिलेल्या नसतात. लकव्याचा दुसरा झटका अडवायला असतात. डिमेन्शियाची भीती तुमच्या घरात रोज बोलली जाते, म्हणून आकडे सांगते. पहिल्या झटक्यानंतर साधारण दहातल्या एकाला डिमेन्शिया होतो. पुन्हा झटका आलेल्यांत तिघांतल्या एकाहून जास्त जणांना. मुलाला बापाची बुद्धी वाचवायची असेल तर लढाई त्या कुंडीपाशी आहे, रजिस्ट्रार ऑफिसात नाही.

आता, ते गोळ्या का पुरतात? लकवा झालेल्या दर तिघांतल्या एकाला कधी ना कधी नैराश्य गाठतं. मेंदूच्या ज्या जोडण्यांवर उत्साह, भूक, झोप चालते, त्यांनाच इजा झालेली असू शकते. त्यात आयुष्यभर खातेवही लिहिणारा उजवा हात आता पेन धरत नाही, हे दुःख वेगळं. पहाटे तीनला जाग येणं, भूक मरणं, "मला नाही माहीत" म्हणून विषय संपवणं, ही सगळी त्याच वाटेची चिन्हं आहेत. डिमेन्शियाचा माणूस बहुधा उत्तर द्यायला जातो, चुकीचं देतो आणि चूक झाकतो. नैराश्यातला माणूस प्रयत्नच करत नाही. हा फरक शंभर टक्के लागू पडत नाही, आणि दोन्ही गोष्टी एकत्रही असू शकतात. म्हणून तर मुलाने घरी बसून निदान करायचं नसतं.

पण आणखी एक शक्यता आहे. लकव्यानंतर गिळणं बिघडतं. गोळी घशात अडकते, पाण्याचा ठसका लागतो, आणि बायकोसमोर रोज खोकत बसायची लाज वाटते. म्हणून आधी विचारायचं. आजच रात्री.

टीव्ही बंद करा. मुलगा, सून, दीर कोणी नको. त्यांच्या चांगल्या बाजूला, समोर बसा. म्हणा: "अहो, कुंडीत गोळ्या दिसल्या मला. मी रागावले नाही. गिळायला त्रास होतो, की घ्याव्याशाच वाटत नाहीत?" आणि गप्प बसा. मनात वीसपर्यंत आकडे मोजा. लकव्यानंतर शब्द सापडायला वेळ लागतो, आणि तुमच्या पत्रावरून दिसतं की तो वेळ तुम्ही त्यांना देत नाही. "मलाच सांगावं लागतं" असं तुम्ही लिहिलंत. लागत नाही, ताई. तुम्ही सांगता, म्हणून ते बोलत नाहीत. तुमची धावपळ मोठी आहे, मान्य. पण सहा महिने दवाखान्यात त्यांच्या वतीने तुम्ही बोललात, आणि कुंडीतल्या गोळ्या एकाही डॉक्टरला कळल्या नाहीत.

मग दुसरा प्रश्न, याच शब्दांत: "आता जगू नये असं वाटतं का तुम्हाला?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असेल तर बाहेर येतो, आणि माणूस बहुतेक वेळा हलका होतो. उत्तर "हो" आलं, किंवा नुसते डोळे भरून मान हलली, तर त्यांना एकटं ठेवू नका. घरातली सगळी औषधं, फिनाइल, उंदराचं औषध कुलपात टाका. टेली मानसला १४४१६ वर फोन करा, रात्री दोनलाही तिथे माणूस बोलतो. आणि त्याच दिवशी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलच्या, कॅज्युअल्टीत न्या.

उत्तर "नाही" आलं, तरी याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ. आपल्याकडे मानसोपचार म्हटलं की लोकांच्या तोंडी पागलखाना चौकच येतो, म्हणून नातेवाइकांत चर्चा नको असेल तर करू नका, पण जा. मेडिकलमध्ये विभाग आहे, एम्समध्ये आहे, धंतोली-रामदासपेठेत दवाखाने आहेत. सापडलेल्या गोळ्या कागदाच्या पुडीत घ्या, सोबत सगळ्या चिठ्ठ्या आणि सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट. आत गेल्यावर डॉक्टरांना सांगा, दहा मिनिटं यांच्याशी एकट्याने बोला, आणि बाहेर बाकावर येऊन बसा. रडण्याबद्दल मात्र तुम्ही सांगा: आलेलं रडू क्षणात ओसरतं का, आणि तेव्हा मनात दुःख असतं का? नसेल, तर तो रडण्या-हसण्यावरचा मेंदूचा ताबा सुटल्याचा प्रकार असू शकतो. त्यालाही औषध आहे.

नैराश्याची गोळी सुरू झाली तर फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता अंदाज सहा आठवड्यांनी येतो. आठव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून बंद करू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत यातल्या काही औषधांनी रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा. या वयात सोडियम घसरू शकतं, ते सुरुवातीच्या दोन आठवड्यांत तपासून घ्या. माणूस एकाएकी सुस्त किंवा गोंधळलेला दिसला तर ऊन लागलं म्हणून सोडून देऊ नका. आणि पहाटे जाग येते म्हणून मेडिकल स्टोअरमधून झोपेची गोळी परस्पर आणू नका. तिने तोल जातो, लक्ष आणखी धूसर होतं, आणि घरात "बघा, डिमेन्शियाच" असं पुन्हा सुरू होतं.

जुन्या गोळ्यांचं काय? बुडालेल्या गोळ्या एकदम भरून काढू नका. उद्या सकाळी चांगल्या हातावर, म्हणजे डाव्या, बीपी मोजा: पाच मिनिटं शांत बसवून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीत, मिनिटभराच्या अंतराने दोनदा. आकडे लिहा, न्यूरॉलॉजिस्टला फोन करून किती दिवसांचा खंड असेल ते खरं सांगा, आणि ते म्हणतील तसंच पुन्हा सुरू करा. ठसका लागत असेल तर गोळ्या आपल्या मनाने कुटू नका, काही गोळ्या कुटल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं. यापुढे गोळी देताना समोर बसा, पहारा म्हणून नको, चहा घेत बसा. आणि या खंडामुळे झटक्याचा धोका वाढलेला आहे, हे घरात सगळ्यांना सांगा. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं जड झालं, तर वेळ पाहून ठेवा आणि १०८. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच चालतं. तुमच्या जवळच्या कोणत्या हॉस्पिटलात रात्री सीटी आणि ते इंजेक्शन दोन्ही मिळतं, हे आजच विचारून ठेवा.

स्मरणशक्तीची चाचणी जरूर करा, पण आत्ता नको. ३० गुणांची तपासणी असते, २६ च्या खाली आलं की शंका घेतात. खचलेला माणूस त्यात कमी पडू शकतो, आणि तो कागद मग घरात निकालपत्रासारखा फिरतो. मन सावरल्यावर, तीन-चार महिन्यांनी करा. त्याआधी बी-१२, थायरॉइड, साखर आणि ऐकू येण्याची तपासणी उरकून घ्या.

दुकानाचे कागद तोवर कपाटात. दीर कशासाठी थांबा म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण थांबायचं आहे. मुलाला वडिलांसाठी काही करायचंच असेल तर रोज संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याजवळ बसू दे. उधारीचं एकच नाव काढायचं, त्यांनी तोंडी सांगायचं, त्याने लिहायचं. उत्तर यायला वेळ लागला तर त्यानेही वीसपर्यंत मोजायचं.

आणि कुंडीवरून त्यांना बोलू नका. मोगऱ्याला पाणी घालायचं काम मात्र उद्यापासून त्यांच्या डाव्या हाताला द्या, तुम्ही शेजारी उभ्या राहून.