मग तू कधी म्हातारा होणार?

मस्कत, शुक्रवार

चिमू,

काल रात्री गावाहून आईच्या फोनवरून तू जे बोलून पाठवलंस ते मी चार वेळा ऐकलं. मागं पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की पहिल्यांदा अर्धंच कळलं. तू म्हणालीस, "पप्पा, आज्जा आज माझ्याबरोबर दोन तास चिखलात बसून बैल करत होता. मग त्यांना दोरी बांधून 'चल रे सर्ज्या' म्हणत सोप्यात फिरवत होता. मराठी माणसं म्हातारी झाल्यावर खेळायला लागतात का? मग तू कधी म्हातारा होणार?"

रात्री उत्तर सुचलं नाही. आज सुट्टी आहे, म्हणून सावकाश बसून लिहितो. आई वाचून दाखवेल. जिथं अडेल तिथं आज्जाला विचार.

आधी बैलांचं सांगतो. ज्येष्ठाच्या पौर्णिमेला आपल्याकडं बेंदूर झाला तो तू बघितलास. शिंगं रंगवली, झूल चढवली, पुरणपोळी भरवली. तिकडं महाराष्ट्रात काही भागांत बेंदूर आषाढात असतो, आणि पुष्कळ ठिकाणी श्रावणाच्या अमावास्येला पोळा असतो. आपला ज्येष्ठातच येतो, म्हणून त्याला कर्नाटकी बेंदूर म्हणतात. त्यानंतर पंधरा दिवसांनी, अमावास्येला, मातीचे बैल. कानडीत मण्णु म्हणजे माती आणि एत्तु म्हणजे बैल, म्हणून ती मण्णेत्तिन अमावास्या. आज्जा हे बैल करायला शेजारच्या कानडी घरातल्या एका म्हाताऱ्याकडून शिकला. वशिंड वेगळं करून चिकटवायचं नाही, पाठीतूनच चिमटीनं वर ओढायचं, नाहीतर वाळल्यावर गळून पडतं, हे त्या म्हाताऱ्याचं शिकवणं. डोळ्यांना जोंधळ्याचे दाणे लावायचे हेही त्याचंच.

तुला आत्ता मोठं वाटेल, पण थोडं सांगून ठेवतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी रचना झाली आणि आपलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. १९७३ पासून त्या राज्याचं नाव कर्नाटक. आज्जा १९५६ ला तीन वर्षांचा होता. दर वर्षी त्या तारखेला तो दंडाला काळी फीत का बांधतो, ते तू आणखी मोठी झालीस की सांगेन. ते त्याला अजून दुखतं. आणि त्याच आज्जानं बैल करायला शिकलं ते कानडी बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून. तू कधीतरी मला विचारशील की यातलं खरं कुठलं. दोन्ही खरं आहे, बाळा. त्या घरातून अजून आपल्याकडं पंचमीला लाडू येतात.

विटीदांडूत आज्जा अंतर मोजताना काय म्हणतो ते ऐकलंस ना? वकट, लेंड, मूंड, नाल. तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. कानडीत ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. बघ किती जवळचे आहेत. मराठी पोरं पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेचे आकडे म्हणत विटी टोलवत आली, आणि ते फक्त खेळातच. दुकानात कुणी लेंड किलो साखर मागत नाही. मीही हे आकडे आज्जाकडूनच शिकलो, शाळेच्या पाढ्यांच्या आधी.

आता तुझा खरा प्रश्न. नाही चिमू, आज्जा म्हातारा झाल्यावर खेळायला लागला नाही. तो पहिल्यापासून खेळतो.

आज्जा-आज्जीच्या लग्नाची गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल तर आज रात्री जेवताना काढ. लग्नाआधी दोघांनी एकमेकांना एकदाच बघितलं होतं, बोलणं काहीच नव्हतं. लग्न लागल्यावर हळदीच्या पाण्यात अंगठी टाकतात आणि नवरानवरीनं एकेका हातानं ती शोधायची असते. पाणी पिवळं, तळ दिसत नाही, चारी बाजूंनी पाव्हणे ओरडत असतात. भटजींनी सांगितल्याशिवाय त्या दोघांचे हात एकमेकांना पहिल्यांदा लागले ते त्या परातीत. तीनपैकी दोन वेळा अंगठी आज्जीला मिळाली. आज्जा म्हणतो, मी सोडली. आज्जी म्हणते, सोडली कुठली, मी ओढून घेतली. पन्नास वर्षं होत आली, हा वाद मिटलेला नाही, आणि तो मिटू नये म्हणून दोघंही काळजी घेतात. आज्जी दमून बसलेली असली की आज्जा मुद्दाम पाण्याच्या तांब्यात बोट घालून काहीतरी शोधल्यासारखं करतो. तू लक्ष ठेव, दिसेल तुला.

आज्जी त्याला नावानं हाक मारत नाही, "अवो" म्हणते. नाव येतं ते फक्त उखाण्यात, बायकांनी दार अडवून धरल्यावर. नवरात्रात हादग्याला तीच आज्जी खिरापत फडक्याखाली झाकून ठेवायची आणि पोरींनी ओळखल्याशिवाय डब्याला हात लावू द्यायची नाही. आपल्या माणसांना तोंडावर गोड बोलायची सवयच नाही. "तू मला आवडतोस" असं आज्जा मला कधी म्हणाला नाही. ते सगळं तो खेळातून सांगायचा, आणि मला ते पार इथं समुद्रापलीकडं येऊन, एकट्यानं राहायला लागल्यावर कळलं.

एका वर्षाची गोष्ट सांगतो. मी पाचवीत होतो. रोपलागण होऊन आठ दिवस झाले असतील, आणि बळ्ळारी नाल्याला पूर आला. नाल्याचं पाणी शिवारात शिरलं आणि हटेचना. बासमतीची रोपं पाण्याखाली कुजली. आज्जा रोज सकाळी बांधावर जाऊन उभा राहायचा आणि परत यायचा. ज्या दिवशी पाणी उतरलं त्या दिवशी तो संध्याकाळी आला, पाय धुतले, सोप्यात बसला. बियाण्याचे, खताचे पैसे उसने घेतलेले होते. घरात कुणी बोलत नव्हतं. आत्ती आणि मी भिंतीला टेकून बसलो होतो, भूक लागली होती पण मागायची भीती वाटत होती.

आज्जानं चुलीतला कोळसा आणला आणि फरशीवर पट आखला. वाघ-बकरीचा. तीन खडे घेतले, ते वाघ. आज्जीच्या डब्यातले चिंचोके काढले, त्या बकऱ्या. म्हणाला, "ये की रे. वाघ तू घे." मी वाघ, आत्ती आणि आज्जा बकऱ्या. मी पटापटा चार बकऱ्या खाल्ल्या. मग त्यांनी हळूहळू माझा एक वाघ कोपऱ्यात कोंडला, मग दुसरा. आज्जी ताटं घेऊन आली ती ताटं हातात धरूनच बघत उभी राहिली आणि मग आत्तीच्या कानात पुढची चाल सांगायला लागली. मी हरलो, रडलो, परत मांडायला लावलं. दुसऱ्या डावात आज्जा खोटं खेळला, एक चिंचोका मांडीखाली लपवला, आणि आम्ही तो पकडला तेव्हा तो एवढा हसला की शेजारून कुणीतरी डोकावून गेलं. त्या रात्री भाकरी आणि चटणीच होती. पण मला त्या रात्रीचं आठवतं ते हसणं.

पुढं मोठा झाल्यावर, इकडं यायच्या आधल्या रात्री, मी त्याला विचारलं, "आप्पा, त्या दिवशी तुम्हाला खेळ सुचला तरी कसा?" तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "रडायला रात्र होती की रे. तुम्ही जागं होता तवर खेळायचं."

चिमू, हे लिहिताना मी मघाशी उठून खिडकीत जाऊन आलो.

तू विचारलंस, मी कधी म्हातारा होणार. तू इथं मस्कतला असतेस तेव्हा मी संध्याकाळी सातला घरी येतो. तू कॅरमवर पावडर टाकून, सोंगट्या लावून बसलेली असतेस. मी म्हणतो, "नंतर." तू जेवण झाल्यावर परत विचारतेस, तेव्हा माझ्या हातात फोन असतो. सोंगट्या तशाच राहतात आणि सकाळी आई आवरते. मी दमलेला असतो हे खरं. पण आज्जाही दिवसभर गुडघाभर चिखलात चिखलणी करून यायचा. त्यानं आम्हाला "नंतर" म्हटलेलं मला आठवत नाही. मला वाटायचं की मी इथं राबतो ते तुझ्यासाठी, म्हणजे माझं झालं. तुझी फी, तुझं विमानाचं तिकीट, सगळं वेळेवर. तुझा आवाज चौथ्यांदा ऐकला तेव्हा लक्षात आलं की तू यातलं काहीच मागितलं नव्हतंस. चूक माझी आहे. ती तुला लिहून सांगायची होती.

मी काल साहेबांशी बोललो. पंचमीला आठ दिवसांची रजा मिळाली आहे. हे अजून आईला सांगू नकोस, पत्र वाचताना तिला कळेलच, तेव्हा तिचं तोंड बघ आणि मला सांग. पंचमीला आत्ती माहेरी येईल. परड्यातल्या चिंचेला झोका बांधायचा असतो, आणि तो आज्जाला आता चढून बांधता येणार नाही, तो माझ्याकडं. आत्तीला उभ्यानं झोका घेताना तू बघितलं नाहीस. घरात डोक्यावरचा पदर ढळू न देणारी आपली आत्ती चिंचेच्या शेंड्याला पाय लावून येते. त्या दिवशी घरात चिरायचं नाही, तळायचं नाही, रानात नांगर घालायचा नाही. आज्जी बायकांबरोबर फेर धरेल, फुगडी घालेल. तिचे गुडघे दुखतात म्हणून तिला कुणी अडवायचं नाही, तूही नाही.

तुझ्या बैलांपैकी एकाचं शिंग मोडलं असं आई म्हणाली. ते आज्जाला जोडायला सांगू नकोस, वाळलेल्या मातीला ओली माती धरत नाही. त्याला तसाच गव्हाणीपाशी उभा कर. त्याचा जोडीदार मी येऊन करतो. मला वशिंड अजून जमतं की नाही ते बघायचंय.

बांधावरची चिकण माती आज्जाकडून एक घमेलं भरून मागून घे. न्हाणीघराच्या मागं, ओल्या पोत्याखाली झाकून ठेव, आणि पोतं वाळू देऊ नकोस. रोज सकाळी त्याच्यावर तांब्याभर पाणी शिंपड.

तुझा,
पप्पा