रिमचं दुखणं बहुतेक वेळा आतल्या बाजूला असतं

चतुर्थी आटोपली आणि पाऊस जरा ओसरला की माझ्या फोंड्याच्या वर्कशॉपात वाकलेल्या, खरचटलेल्या रिमांची रांग लागते. तुमचे प्रश्नही त्याच सुमारास वाढतात. यंदा आलेल्यांतले काही इथे घेतो. एकाच अर्थाचे दोन-तीन होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न : आमच्या वाड्यावरचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे. समोरून बस आली म्हणून गाडी कडेला घेतली आणि पुढची डावी अलॉय रिम गडग्याला घासली. गाडी आठ महिन्यांची आहे. एक जण म्हणतो नवीन रिम घ्या, आमचे हे म्हणतात घरीच पॉलिश पेपर मारू. कुणाचं ऐकू? – एक वाचक, माशेल

यांचंच ऐका, पण आधी एक काम करा. घासलेल्या जागेवरून बोटाचं नख हळूच फिरवा आणि रिमची कड बाजूने डोळ्यासमोर धरून बघा. कड सरळ असेल, तुकडा उडालेला नसेल आणि ओरखडा साधारण एक मिलिमीटरच्या आत असेल तर काम घरी होतं. कड आत दबली असेल तर पेपर खाली ठेवा आणि पुढचा प्रश्न वाचा.

चिऱ्याचा ओरखडा सिमेंटच्या कठड्यासारखा नसतो. चिरा सच्छिद्र आणि खरबरीत, त्यामुळे ओरखड्यात तांबडी भुकटी रुतून बसते. ती तशीच राहिली तर वरचा रंग दोन महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून पहिलं काम साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश. मग थिनरच्या फडक्याने तेलकटपणा काढा. टायरची हवा थोडी कमी करून टायर आणि रिमच्या मधल्या फटीत पत्त्यांच्या जुन्या कॅटमधली पानं गोल खोचून घ्या. मास्किंग टेपपेक्षा हा उपाय छान, आणि पानं परत खेळायला नको असली म्हणजे झालं.

वर आलेले धातूचे काटे बारीक कानशीने काढा. मग १२०, २४०, ४०० या क्रमाने पेपर मारा, शेवटचा पाणी लावून. खड्डा उरलाच तर ॲल्युमिनियमची पूड असलेलं इपॉक्सी भरा. दरवाजाच्या पत्र्याला लावतात ती पुट्टी इथे नको. ब्रेकची उष्णता आणि रस्त्याचे धक्के सोसणं तिचं काम नाही.

उघड्या ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि त्यावर साधा प्रायमर नीट धरत नाही. दुकानात एच (etch) प्रायमर, म्हणजे उघड्या धातूला धरणारा प्रायमर, मागा आणि पेपर मारून झाल्यावर जेवायला जायच्या आधी तो मारून टाका. त्यावर रंगाचे तीन पातळ हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं, आणि शेवटी क्लिअर, म्हणजे पारदर्शक लॅकर. चंदेरी रंगाच्या दहा छटा असतात. आधी पुठ्ठ्यावर मारून रिमशेजारी उन्हात धरा. टू-के (दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या) क्लिअरच्या डब्यात आयसोसायनेट असतं, फुप्फुसांना वाईट. साधा कापडी मास्क चालत नाही, फिल्टरचा लागतो, आणि काम उघड्यावर करा.

आणि जुलैत हे करू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि क्लिअर दुधाळ होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दुपारची वेळ, अंगणात.

प्रश्न : चोर्ला घाटातून बेळगावला जाताना गाडी खड्ड्यात आदळली. आता ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतं. टायरवाल्याने दाखवलं, रिम आतून वाकली आहे आणि कडेला बोटभर तडा आहे. एक जण म्हणतो तापवून ठोकून देतो आणि आर्गन वेल्डिंग मारतो, दोन हजारात काम. करू का? – साखळी

नको. का नको ते जरा सविस्तर सांगतो, कारण अशी रिम आठवड्याला एक तरी माझ्याकडे येते.

बहुतेक अलॉय रिम ॲल्युमिनियममध्ये साधारण सात टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम घालून ओतलेल्या असतात. नुसत्या ओतलेल्या रिमला पुरेसा जोर नसतो. कारखान्यात ती ५४० अंशांच्या आसपास तापवतात, पाण्यात झटकन थंड करतात आणि मग दीडशे-पावणेदोनशे अंशांवर काही तास भाजतात. तिची ताकद या भाजण्यात आहे. तुम्ही कोपऱ्यात गॅसची ज्योत लावलीत की त्या जागी ही सगळी मेहनत पुसली जाते. वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंचा पट्टा मऊ पडतो. सांधा टिकतो आणि तडा त्याच्या शेजारून पुन्हा निघतो.

दुसरी गोष्ट आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांनाही कधीकधी फसवते. लोखंड तापलं की लाल होतं, माणूस सावध होतो. ॲल्युमिनियम काहीच सांगत नाही. शेवटपर्यंत रंग तोच, आणि अचानक कड लोण्यासारखी खाली येते. मी शिकाऊ असताना एका उस्तादाच्या हाताखाली हे डोळ्यांनी पाहिलंय. घणाचा एक हलका टोला, आणि रिमच्या कडेचा तळहाताएवढा तुकडा जमिनीवर.

वाकणं आणि तडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिम नुसती वाकली असेल तर ती मशीनवर फिरवून डायल गेज लावतात. काटा किती हलतो ते वर-खाली आणि आत-बाहेर असं दोन्हीकडे मोजायचं. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलात मर्यादा एक मिलिमीटरच्या आसपास असते. दोन-तीन मिलिमीटरचा बाक हायड्रॉलिक प्रेसवर, बेताच्या उष्णतेत, हळूहळू दाबून निघतो. निघाल्यावर तांबडा डाय लावून, पुसून, वरून पांढरा डेव्हलपर फवारायचा. केसाएवढी चीर असली तरी पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. ही चाचणी न करता रिम परत देणाऱ्याला पैसे देऊ नका.

तडा असेल तर माझा नियम साधा आहे : आरा किंवा नटांच्या भोवतालचा भाग तडकला की रिम भंगारात. आतल्या कडेचा तडा जोडून देणारे आहेत, मी देत नाही, आणि स्टिअरिंग थरथरतं म्हणजे तुमची तर बहुधा पुढची रिम आहे. एक नवीन किंवा चांगली जुनी रिम घ्या. टायरही सोडवून आतून बघा. बाजूला फुगा आला असेल तर तोही गेला.

थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत, सीटखाली जाणवली तर मागच्या. हे मेकॅनिकला आधीच सांगितलं की त्याचा अर्धा तास वाचतो.

प्रश्न : आमचं घर मोरजीला, समुद्रापासून चालत पाच मिनिटं. गाडीला डायमंड कट अलॉय आहेत. दोन वर्षांतच चकचकीत भागावर, लॅकरच्या खाली, पांढरे किड्यांसारखे धागे पसरलेत. वॅक्स लावलं, पॉलिश केलं, काही फरक नाही. – मोरजी

फरक पडणारच नाही. तो धागा लॅकरच्या वर नाही, खाली आहे. डायमंड कट म्हणजे रंगवलेली रिम लेथवर लावून हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराने समोरचा भाग कातायचा आणि उघड्या चमकत्या धातूवर फक्त पारदर्शक लॅकर. कातलेल्या भागाच्या धारदार कडांवर हे लॅकर सगळ्यात पातळ बसतं. एक खडा उडाला, टाचणीएवढं छिद्र पडलं, की खारी ओल आत शिरते आणि गंज पुढे-पुढे सरपटत जातो. खारा वारा आणि पावसाळ्यातली दमट हवा एकत्र आल्यावर आणखी काय व्हायचं?

यावर पुन्हा कातणं हा उपाय दुकानात सांगतील. होतो, सुंदर दिसतो. पण प्रत्येक वेळी थोडा धातू जातो, त्यामुळे एका रिमला हे दोनदा, फार तर तीनदा. मोरजीला राहून दर दोन वर्षांनी असं केलं तर सहा वर्षांत रिम संपली.

मी तुमच्या जागी असतो तर डायमंड कटचा मोह सोडला असता. जुना रंग रसायनाने पूर्ण काढायचा, हलकं ब्लास्टिंग, धातूला रासायनिक बैठक, मग चारही रिमांना एकसारखं पावडर कोटिंग. गडद राखाडी घ्या, ब्रेकची धूळही कमी दिसते. बॅलन्सिंगसाठी ठोकून बसवायच्या वजनांऐवजी आतून चिकटवायची वजनं लावा. क्लिप रंग फोडते, आणि लोखंडी क्लिप, ॲल्युमिनियम, मीठ असे तिघे एकत्र आले की तिथूनच सडायला सुरुवात होते. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा, आतल्या बाजूनेसुद्धा. किनाऱ्यावर वाळूत गाडी नेणं गोव्यात बेकायदा आहेच, रिमच्या दृष्टीनेही तो आत्मघात.

प्रश्न : पावडर कोटिंगने रिम कमजोर होते असं ऐकलं. खरं का? आणि साधारण काय बघून दुकान निवडावं? – म्हापसा, मडगाव आणि डिचोलीहून तिघांचा हाच प्रश्न

एकदा, नीट तापमानावर केलं तर काळजीचं कारण नाही. पावडर साधारण १८० ते २०० अंशांवर दहा-वीस मिनिटांत पिकते. मघाशी सांगितलं, रिमची ताकद दीडशे-पावणेदोनशेवर घडते. म्हणजे भट्टीत रिम त्याच्या थोडी वर जाते. मिनिटांचा हिशोब असेल तर निभावतं. तासभर विसरली, किंवा रंग आवडला नाही म्हणून तीन-चारदा भाजली, तर निभावत नाही. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा : भट्टीला तापमापक आहे का? दुसरा : टायर, व्हॉल्व्ह, जुनी वजनं सगळं काढून करता ना? हवेचा दाब दाखवणारा सेन्सर असेल तर तोही. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, तो मला माझ्या चुकीने शिकवला.

सुरुवातीच्या दिवसांत एका ओळखीच्या गाडीच्या चारही रिम मी हौसेने कोट केल्या. नट जिथे टेकतात त्या शंकूच्या आकाराच्या जागाही काळ्याभोर करून टाकल्या, छान दिसतात म्हणून. नट घट्ट आवळून दिले. तीन दिवसांनी त्यांचा फोन : उजव्या मागच्या चाकातून टक्‌-टक्‌ आवाज येतो. जाऊन बघतो तर दोन नट हाताने फिरत होते. नटाखालचा रंग दाबून चिरडला, तेवढी जागा मोकळी झाली आणि नट सैल पडले. सुदैवाने ते म्हाळशेच्या देवळापर्यंतच गेले होते, हायवेला नाही. तेव्हापासून नटांच्या जागा आणि हबला टेकणारा मागचा भाग झाकल्याशिवाय माझ्याकडे रिम भट्टीत जात नाही.

म्हणून तिसरा प्रश्न : नटांच्या जागा झाकता का? रिम परत आली की तिथे बोट लावा, उघडा धातू लागला पाहिजे. नट टॉर्क रेंचने, मॅन्युअलात दिलेल्या आकड्यावर. छोट्या गाड्यांना तो साधारण ८५ ते १२० न्यूटन मीटरमध्ये कुठेतरी असतो. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा तपासा. पाय देऊन पाना दाबणं म्हणजे टॉर्क नव्हे.

प्रश्न : एका चाकाची हवा दर आठवड्याला चार-पाच पॉइंट उतरते. पंचरवाल्याने तीनदा पाण्यात बुडवून बघितलं, पंचर नाही. – कुडचडे

टायरची कड रिमला जिथे बसते तिथे गंजाची पांढरी भुकटी धरली असणार. टायर सोडवून ती जागा पितळी ब्रशने साफ करा, बीड सीलर (टायरची कड रिमला हवाबंद बसवणारं द्रावण) लावा, व्हॉल्व्ह नवीन टाका. नव्वद टक्के वेळा एवढ्यावर भागतं, हा माझा अंदाज आहे, मोजलेलं नाही. तरीही उतरली तर साबणाचा फेस रिमच्या आतल्या बाजूवर फिरवा. बुडबुडा धातूतूनच आला तर वर साखळीच्या वाचकाला दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू.

प्रश्न : माझ्या भाड्याच्या सहा गाड्या आहेत. पर्यटक महिन्याला दोन रिम तरी घासून आणतात. बाजारात स्वस्त नवे अलॉय मिळतात, दिसायला कंपनीसारखेच. घेऊन ठेवू का? – कळंगुट

दिसण्यावर जाऊ नका, रिम उलटी करून मागचं वाचा. आयएसआयचा शिक्का हवा. रुंदी, व्यास, ऑफसेट (हबला टेकणारी जागा रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे ते) आणि किती वजन पेलते तो आकडा कोरलेला हवा. जेडब्ल्यूएल ही जपानी खूण असली तर बरंच, पण ती खोटीही कोरतात. मागे काहीच लिहिलेलं नसेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. काळ्या पाटीच्या गाडीत पाच अनोळखी माणसं आणि त्यांचं सामान बसतं.

नटांच्या छिद्रांची संख्या आणि ती ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास जुळला पाहिजे. चार छिद्रांची १०० मिलिमीटरची रिम आणि पाच छिद्रांची ११४.३ची एकमेकांच्या गाडीला चालत नाहीत, आणि जुळवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

खरं सांगू? भाड्याच्या गाड्यांना अलॉय कशाला? लोखंडी रिम आणि व्हील कव्हर लावा. लोखंड वाकलं तर सरळ होतं, कव्हर काही शेकड्यांत नवं येतं. अलॉय ठेवायचेच असतील तर चावी देताना चारही चाकांचे फोटो गिऱ्हाइकासमोर काढा. त्यानंतर निम्मे लोक आपोआप जपून चालवतात.

प्रश्न : रिम चमकवायला ॲसिड चालतं का? – वास्को

नाही. बाथरूमचं तर नाहीच. लॅकर खातं, धातू काळवंडतो, आणि व्हील क्लीनर म्हणून विकल्या जाणाऱ्या काही द्रावणांतलं हायड्रोफ्लोरिक ॲसिड कातडीतून हाडापर्यंत जातं. ब्रेकच्या धुळीतल्या लोखंडाच्या कणांसाठी आयर्न रिमूव्हर मिळतो, फवारला की जांभळा ओघळ येतो. रिम थंड असताना फवारा, वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. बाकी वेळी गाडी धुवायचा शॅम्पू आणि मऊ ब्रश.