कुकर किती लिटरचा, तवा कशाचा? वाचकांचे स्वयंपाकघरातले प्रश्न

या वेळी भांड्यांचेच प्रश्न जास्त आलेत, लग्नसराई संपून नवी बिऱ्हाडं थाटली जातायत म्हणून असेल. बरेच प्रश्न सारखे होते, ते एकत्र करून घेतलेत.

ताई, आमचं नुकतंच लग्न झालंय, दोघंही नोकरी करतो आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. ऑनलाइन सेलमध्ये नॉनस्टिकचे सात-आठ भांड्यांचे सेट स्वस्तात मिळतायत, आई म्हणते स्टीलच घे. नेमकं काय काय घेऊ?
– एक वाचक, चिंचवड

अगं, सेट नकोच घेऊस. सेटमधली दोन-तीन भांडी रोज वापरली जातात आणि बाकीची माळ्यावर जातात, पैसे मात्र सगळ्यांचे गेलेले असतात. त्यापेक्षा आठवडाभर तुमच्या घरात खरंच काय शिजतं ते बघ आणि त्याप्रमाणे एकेक सुटं घे, भले एकेक महाग पडू दे.

दोघांना ३ लिटरचा कुकर पुरतो, पण तुला वरण-भात-बटाटे असे डबे एकावर एक लावायची सवय असेल तर उभट ५ लिटरचाच घे, कारण ३ लिटरमध्ये दोन डब्यांच्या वर काही बसत नाही. डब्यांशिवाय थेट कुकरमध्ये शिजवणार असशील तर तो दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही आणि डाळी-कडधान्यं असतील तर अर्ध्यावरच थांबायचं, डाळ फेसाळून वर येते आणि शिट्टीच्या नळीत अडकते, बहुतेक कुकरचे घोळ तिथूनच सुरू होतात. आतून बसणाऱ्या झाकणाचा की बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा, हे ज्याच्या त्याच्या सवयीवर आहे, हॉकिन्सचा आतल्या झाकणाचा आणि प्रेस्टिजचा बाहेरच्या झाकणाचा असे दोन्ही प्रकार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेत. आयएसआय मार्क मात्र बघायचाच, २०२१ पासून तो घरगुती कुकरला सक्तीचा आहे. आणि दुकानदाराला आधी हे विचार की याची रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तुमच्याकडे मिळतो का. रिंग कडक झाली की बदलावीच लागते आणि त्या कंपनीचीच बसवावी लागते, त्यामुळे ज्याचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत तो कुकर कितीही चकचकीत असला तरी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पोळ्यांसाठी लोखंडी तवा, भाजीसाठी २२ किंवा २४ सेंटीमीटरची ट्रायप्लाय कढई, दुधासाठी जाड बुडाचं पातेलं, फोडणीचं कढलं आणि एक परात. एवढ्यात दोघांचा रोजचा स्वयंपाक होतो. ट्रायप्लाय म्हणजे आत-बाहेर स्टील आणि मधे ॲल्युमिनियमचा थर. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा दहापटीहून जास्त चांगली उष्णता वाहून नेतं, म्हणून भाजी मधेच करपत नाही, कडेपर्यंत सारखी शिजते. फक्त घेताना बघ की तो थर कडेपर्यंत वर गेलाय की नुसती बुडाला जाड चकती लावलीय, दुकानात दोन्ही एकाच नावाने विकतात कधीकधी. स्टीलला चिकटतं अशी तक्रार असते त्याला उपाय सोपा आहे, कढई रिकामी मध्यम आचेवर तापू दे, पाण्याचे दोन थेंब टाक, ते चर्र होऊन लगेच उडून गेले तर अजून तापायचीय, मोत्यासारखे गोळे होऊन पळायला लागले की आच कमी कर, तेल घाल आणि मगच मोहरी.

नॉनस्टिक घ्यायचंच तर एक लहान पॅन घे अंड्यांसाठी. रिकामं मोठ्या आचेवर ठेवू नकोस, साधारण २६० अंशांच्या पुढे त्याचा थर खराब व्हायला लागतो आणि रिकामा पॅन मोठ्या गॅसवर काही मिनिटांत तिथवर जातो. थर खरवडला गेला की टाकून द्यायचा. म्हणजे हे दर काही वर्षांनी बदलायचं भांडं आहे हे धरूनच घ्यायचं, म्हणून तर त्याचा अख्खा सेट नको म्हणतेय.

सासरहून बिडाचा तवा आणलाय. घावन इतकं चिकटतं की खरवडून काढावं लागतं. तव्यातच दोष आहे का?
– एक वाचक, कुडाळ

तव्यात काहीच दोष नाही हो, तो अजून मुरला नाहीये एवढंच, आणि एकदा मुरला की तुमच्या नातवंडांपर्यंत चालेल. नवीन किंवा बरीच वर्षं नुसता पडून राहिलेला बिडाचा तवा आधी काथ्याने स्वच्छ घासून घ्या, रात्रभर तांदळाच्या धुवणात किंवा पेजेत बुडवून ठेवा, सकाळी धुवून लगेच गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करा, कारण बीड ओलं राहिलं की तासाभरात तांबूस गंज दिसायला लागतो. मग अगदी पातळ तेल लावायचं, थबथबून नाही, आणि मंद आचेवर धूर येईपर्यंत तापवायचं, गार करायचं, पुन्हा लावायचं. असं दोन-चार दिवस करत राहा. तेल जास्त झालं तर तो थर चिकट आणि खरखरीत होतो आणि घावन त्यालाच धरतं, त्यामुळे लावून झाल्यावर फडक्याने पुसल्यासारखंच करायचं.

तेलाने होतं काय, तर तापलं की त्याचा लोखंडावर घट्ट काळा थर बसतो, तोच तुमचा नॉनस्टिक. म्हणून या तव्याला साबणाचा मारा नको आणि आंबटही नको, कोकम किंवा चिंच पडली की थर निघतो आणि पदार्थ काळा पडतो.

घालताना तवा नीट तापलाच पाहिजे. कांदा अर्धा कापायचा, देठाकडून सुरीला टोचून तेलात बुडवायचा आणि तव्यावर गोल फिरवायचा, कोकणात बरेचजण नारळाची शेंडी वापरतात तीही छान. पीठ पातळ, ताकासारखं हवं, ते कडेकडून मधे ओतायचं, झाकण ठेवायचं. वाफ आली आणि कडा आपोआप सुटल्या की मगच उलथनं घालायचं. कडा सुटायच्या आधी उलथनं घातलं की फाटणारच, कितीही जुना तवा असो. सुरुवातीची काही फाटतील, ती घरातच खायची. आणि एक कळकळीचं सांगणं, या तव्यावर पोळ्या-भाकऱ्या करू नका, कोरडं पीठ जळून थर खलास होतो. पोळ्यांना वेगळा लोखंडी तवा ठेवा, घावन, आंबोळी, धिरडी यांना हा.

मिक्सर ५०० वॅटचा घ्यावा की ७५० चा? आमचा जुना मिक्सर वाटण करताना मधेच बंद पडतो.
– एक वाचक, सातारा

आधी जुना फेकू नका. मिक्सर उलटा करून बघा, खाली बहुतेक लाल बटण असतं, मोटरवर ताण आला की ते सुटतं, थोडा वेळ गार होऊ देऊन दाबलं की परत सुरू. वाटणात अडतं कारण आपण भाजलेलं खोबरं आणि कांदा गरम गरमच आणि पाण्याशिवाय भांड्यात कोंबतो, खालचं घट्ट बसतं आणि पातं वरच्यावर फिरत राहतं. पूर्ण गार करा, आधी कोरडं खोबरं-तीळ फिरवा, मग कांदा-लसूण, मग चमचा चमचा पाणी. घरगुती मिक्सर सलग चालवायला बनवलेलेच नसतात, थांबून थांबून चालवायचे असतात. भांड्याखालचा कपलर झिजला असेल तरी मोटर फिरते आणि पातं अडतं, तो भाग स्वस्तात मिळतो.

नवीनच घ्यायचा झाला तर रोजची चटणी-वाटण आणि चार माणसं याला ५०० पुरतो. घरी इडलीचं पीठ वाटत असाल, काळा मसाला किंवा हळकुंडं दळत असाल तर ७५०. वॅटच्या आकड्यापेक्षा चटणीचं छोटं भांडं हातात घेऊन बघा, पातं तळाच्या किती जवळ आहे. पातं उंचावर असेल तर दोन मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर त्याला सापडतच नाही.

गॅस सिलेंडर परवडत नाही म्हणून मुलाने इंडक्शन आणलं, पण घरातली भांडी त्यावर चालतच नाहीत. सगळी नवीन घ्यायची का?
– एक काका, इचलकरंजी

काका, फ्रिजवरचं लोहचुंबक काढा आणि एकेका भांड्याच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं की ते भांडं चालणार, अर्धवट चिकटलं तर तापेल पण रखडत, नाहीच चिकटलं तर नाही. इंडक्शन शेगडी स्वतः तापत नाही, ती भांड्याचं बूड तापवते आणि त्यासाठी बुडात चुंबक धरणारा धातू लागतो. म्हणून ॲल्युमिनियम, पितळ, तांबं बाद, आणि बिडाचं-लोखंडी सपाट बुडाचं असेल तर उत्तम. म्हणजे तुम्हाला बहुतेक एक कुकर आणि एक पातेलं एवढंच नवीन लागेल.

खर्चाचं म्हणाल तर एक लिटर पाणी उकळायला साधारण एक दशांश युनिट जातं. पण महावितरणचा घरगुती दर महिन्याच्या १०० युनिटनंतर चढतो, तेव्हा आधीच त्या काठावर असाल तर सगळा स्वयंपाक त्यावर न नेता चहा, दूध, वरण-भात तेवढं न्या आणि भाकरी-पोळी गॅसवर राहू द्या, फुलका फुगवायला जाळच लागतो. प्लग १६ ॲम्पियरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा, २००० वॅटचं यंत्र छोट्या सॉकेटला किंवा एक्स्टेंशन बोर्डला लावू नका, वायर वितळते. शिजवून झालं की आतला पंखा थांबेपर्यंत मेन स्विच बंद करू नका. आणि रात्री झाकून ठेवा, आतल्या उबेला झुरळं शिरतात आणि सर्किट बिघडवतात.

एअरफ्रायर घेऊ की ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल)? भजी-वडे तेलाशिवाय होतील का?
– एक वाचक, नाशिक

भजी आणि बटाटेवडे होणार नाहीत, ते आधीच सांगते. ओलं बेसन गरम तेलात पडताक्षणी धरतं, एअरफ्रायरमध्ये ते जाळीतून खाली गळतं. एअरफ्रायर म्हणजे जोरात गरम वारा फिरवणारी लहान भट्टी, त्यात वाफवलेल्या अळुवडीच्या आणि कोथिंबीरवडीच्या चकत्या तेलाचा हात लावून मस्त कुरकुरीत होतात, शेंगदाणे भाजले जातात, पापड होतात. दोन-तीन माणसांना ठीक. केक, नानकटाई, पाव करायची आवड असेल आणि माणसं जास्त असतील तर ओटीजीच. दोन्ही घ्यायची गरज नाही.

मुलगी शिकायला जर्मनीला चाललीय. इथून काय द्यावं?
– एक आई, छत्रपती संभाजीनगर

कुकर द्या, ३ लिटरचा, सपाट बुडाचा आणि इंडक्शनलाही चालणारा, कारण तिकडे भाड्याच्या घरांत बऱ्याचदा काचेची सपाट शेगडी असते, गोल बुडाची कढई तिथे डुगडुगते. कुकरमध्ये डबे आणि डब्यांत मसाले भरले की जागाही वाया जात नाही. जादा रिंग आणि शिट्टी आठवणीने टाका. छोटा मिक्सर चालेल, तिकडेही २३० व्होल्टच आहे, फक्त प्लगचा ॲडॅप्टर लागेल. अमेरिकेला कोणी जात असेल तर मात्र इथला मिक्सर देऊ नका, तिथे १२० व्होल्ट असतं आणि ट्रान्सफॉर्मर वागवत बसण्यापेक्षा तिथलाच घेतलेला बरा.

आजीची पितळी पातेली आहेत. रोज वापरली तर चालतील?
– एक वाचक, वाई

चालतील, कल्हई करून. कल्हई म्हणजे कथलाचा थर, आतून रुपेरी दिसतो तोवर आमटी-भाजी खुशाल करा, पिवळं पितळ डोकावायला लागलं की आंबट काही घालू नका, पुन्हा कल्हई करून घ्या. घासायला तारेची घासणी नको, चिंच आणि राख बाहेरूनच लावा. कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून रिकामं पातेलं गॅसवर ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका, आधी पाणी किंवा तेल घाला आणि मग गॅस पेटवा.