जुनी वही आत्ता उघडू नकोस

अगं,

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि सकाळी चहा घेताना परत वाचला. कॉलेजात लिहायचीस, कादंबरी अर्ध्यापर्यंत आली होती, मग जॉब लागला, घरातलं आजारपण झालं आणि सगळं राहूनच गेलं, आता परत लिहावंसं वाटतंय पण ती जुनी वही काढली की रडू येतं, असं लिहिलंयस. तर आधी एक कर, ती वही कपाटात वरच्या खणात ठेवून दे. फेकू अजिबात नकोस, फक्त आत्ता उघडू नकोस. कारण ती लिहिली एकोणीस वर्षांच्या मुलीने, आणि आज तू तीच गोष्ट पुढे न्यायला बसलीस की पहिल्या पानापासून दुरुस्त करत बसशील आणि चार दिवसांत तुला वाटायला लागेल की आपल्याला हे कधी येतच नव्हतं. आमच्या नौपाड्यातल्या वाचन गटात किती तरी जणी इथेच अडकल्या, चांगलं लिहिणाऱ्या होत्या गं, अजून वाईट वाटतं.

आता तुझ्याच मेसेजमधलं सांगते. मध्येच तू लिहिलंस की तुर्भ्याहून ठाण्याला येताना घणसोलीला एक बाई चढते, सीट मिळाली की मेथीची जुडी काढते आणि ठाणं यायच्या आत सगळी निवडून होते. तू ते असंच ओघात लिहिलंस आणि पुढे गेलीस, मी मात्र तिथेच थांबले. ती देठं कुठे टाकते? शेजारणीच्या मांडीवर पाला पडला तर काय बोलते? ऐरोलीला गर्दी आत शिरते तेव्हा पिशवी कुठे धरते? हे उद्या नीट बघ आणि एक पान लिही. तिचं दुःख वगैरे शोधायला जाऊ नकोस, तिला काहीतरी मोठं प्रतीक बनवू नकोस, नुसते तिचे हात लिही. लिहिणं सुटलं तेव्हा बघणं पण सुटलं असं तुला वाटतंय, पण तसं झालेलं नाहीये, तो मेसेजच सांगतोय.

वेळेचं म्हणशील तर फलटणच्या बेबीताई कांबळे दुकान सांभाळता सांभाळता लिहायच्या, आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. 'जिणं आमुचं' हे त्यांचं आत्मचरित्र पुस्तकरूपात आलं १९८६ मध्ये, लिहून ठेवलेलं मात्र कितीतरी वर्षं आधीचं. दलित बाई म्हणून त्यांनी जे सोसलं त्याच्याशी आपली तुलना नाहीच, पण मोकळा रविवार आणि शांत खोली मिळाल्यावरच लिहिता येतं हे तरी मनातून काढ. ट्रेनमध्ये फोनवर लिही, उभी असशील तर व्हॉइस टायपिंग कर, शुद्धलेखन घरी येऊन बघू.

वाचन सुटलंय म्हणालीस ते मला जास्त खटकलं. ठाण्यातलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, या शनिवारी जाऊन मेंबर हो, आणि एकदम जाडजूड कादंबऱ्या आणू नकोस, मागच्या वर्षीचे दोन-तीन दिवाळी अंक आण. आज लोक कशावर लिहितायत, कथा किती पानांत संपवतायत, ते त्यातून कळतं. 'मासिक मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे किती नवीन माणसं याच वाटेने आली! पण यंदाच्या अंकाची डेडलाइन मनात धरून लिहायला बसू नकोस प्लीज, आधी तीन छोट्या गोष्टी शेवटपर्यंत पूर्ण होऊ देत. पूर्ण म्हणजे पूर्ण, वाईट झाली तरी शेवट करायचाच, कारण तुझी सवय शेवट करायची मोडलीय, लिहायची नाही. मग पाठव कुठेतरी. बऱ्याच ठिकाणांहून उत्तरच येत नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस, दुसरीकडे पाठवायचं.

आणि घरात इतक्यात कुणाला सांगू नकोस. "काय मग, कुठवर आलं पुस्तक?" असं जेवताना कुणी विचारलं की हात आखडतो.

मेथीवाल्या बाईचं पान मला पुढच्या रविवारपर्यंत पाठव. टाइप करायचा कंटाळा आला तर हाताने लिहून फोटो काढ, मी वाचून फोन करते. दुपारी चारनंतर करीन, तेव्हा ऑफिसचं काही ठेवू नकोस.

तुझी
मावशी